पिशवीत निरंक

भाड्याची खोली दाखवायच्या आधी घरमालक मामा माणसाला ओट्यावर बसवत, तांब्याभर पाणी देत आणि विचारत, "तुमाला काय कळंना झालंय?"

नाव नाही, गाव नाही, जात नाही, किती दिवस राहणार तेही नाही. मी नेकनूरला त्यांच्या दारात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा बीडहून एसटीने आले होते. काखेत मलमलच्या पिशव्यांचं गाठोडं होतं आणि उन्हाने डोकं ठणकत होतं. मला वाटलं, बाई रस्ता चुकली अशी यांची समजूत झाली आहे. मी म्हणाले, "नाही हो, सगळं कळलंय. खोली इथेच मिळते असं सांगितलं मला."

"मग न्हाई," मामा म्हणाले. "सगळं कळलेल्याला आपल्याकडं खोली न्हाई." आणि खरंच उठून आत निघून गेले.

मला मामींनी सावरलं. त्या दारातूनच म्हणाल्या, "अवो, तुमी काय हुडकायला आल्यात, ते इचारायलेत ते. नीट सांगा म्हंजे देतेत."

मग मी सांगायला लागले. पीएचडी झालेली पण कायमची नोकरी न लागलेली माणसं दोन-दोन वर्षांच्या फेलोशिपवर एकेक प्रश्न घेऊन हिंडत असतात. त्यांना पोस्टडॉक म्हणतात, आणि मी त्यातलीच एक होते. सभा-संमेलनांत करून करून तोंडपाठ झालेलं माझं भाषण मी मामांना ऐकवलं. सीताफळाचं फूल, त्याच्या जाड पाकळ्यांच्या आत शिरणारे तिळाएवढे भुंगेरे, बालाघाटाच्या डोंगरातली रानझाडं, परागीभवन, फलधारणा. मामा डोळे मिटून ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"म्हंजे भुंगा न्हाई आला तर फळ धरंल का, हेच ना?"

चाळीस पानांचा प्रस्ताव लिहून मी ती फेलोशिप मिळवली होती. त्या पानांत एवढंच होतं, हे मला त्या ओट्यावर कळलं आणि थोडा रागही आला. मी म्हणाले, "हो. हेच."

त्यांनी खुंटीवरच्या पिशवीतून खडू काढला. मला खोलीत नेलं, दार आतून लावून घेतलं आणि दाराच्या पाठीवर माझं वाक्य लिहिलं. त्याच्या वर आधीच्या भाडेकरूंची तीन वाक्यं होती: "ढग येतो अन् जातो, पडत कावून न्हाई?" "बोअरचं पाणी कवाचं हाय?" "वटवाघूळ अंधारात आपलंच पिलू कसं वळखतं?" माणसं कधीच गेली होती. वाक्यं पुसट झाली की मामा ती पुन्हा गिरवत.

दुसऱ्या वर्षी बदलून आलेला एक शिक्षक शेजारच्या खोलीसाठी आला होता. त्याला मामांचा प्रश्नच समजेना. मामांनी त्याला दोन कप चहा पाजला, आपल्या चुलतभावाकडे खोली मिळवून दिली, त्याचं सामान स्वतः उचलून पोचवलं, पण स्वतःची खोली दिली नाही.

मामा बीडच्या एका कॉलेजात तीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर होते. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, पोरं यायच्या आधी टेबलावर प्रयोग मांडून ठेवायचा. निवृत्त झाल्यावर गावी येऊन त्यांनी घरामागे पत्र्याच्या चार खोल्या काढल्या. पहिला आला तो ढगांवर काम करणारा मुलगा. त्याच्या यंत्राला मामांनी पोटच्या पोरासारखं जपलं. त्याने ते आपल्या संस्थेत सांगितलं, आणि मग कुठकुठल्या शास्त्रांतली माणसं एकेक करून नेकनूरला येऊन राहू लागली.

"कॉलेजात काय व्हायचं म्हाईत हाय का मॅडम," मामा सांगत. "तीस वर्सं मी उत्तर म्हाईत असलेले प्रयोग मांडले. पोरगं येणार, गेल्या सालच्या पोराचं जर्नल काढणार, त्यातले आकडे उतरून घेणार, मग नळी हातात धरणार. नळीत काय झालं ते कुणीच बगायचं न्हाई. मी बगायचो. कदी कदी येगळाच रंग यायचा. मी सांगायला गेलतो एकदा, तर सर म्हणले, मामा, टाकून द्या ते."

त्या टाकून दिलेल्या रंगांचं त्यांना फार वाईट वाटत असावं. तेव्हाचा एक बारीक ब्रश त्यांनी जपून ठेवला होता, खारीच्या केसांचा. तराजूची पारडी साफ करायला तो लागायचा. इथे ते त्याने आपला चष्मा पुसत.

गावात आम्ही सगळे डॉक्टर. त्यामुळे कुणाला ताप आला, कुणाची म्हैस बसली की लोक ओट्यावर यायचे. मामा त्यांना शांतपणे समजावत, "ह्यांना इचारू नका. ह्यांना काय म्हाईत न्हाई. तेच काम हाय त्यांचं." यात त्यांना आमचा अपमान वाटत नसे. उलट त्यांच्या आवाजात अशी काही ऐट असे, की ऐकणारा माणूस आमच्याकडे आदराने बघून परत जाई.

आम्हा लोकांची मुदत संपते. दोन वर्षं, फार तर तीन. मग यंत्रं खोक्यांत जातात आणि माणूस दुसऱ्या गावाला, दुसऱ्या देशाला किंवा दुसऱ्याच धंद्याला लागतो. मामांना हे पटत नसे. "माणसाची बदली झाली तर झाली. सवालाची कावून करता?" म्हणून ते सगळ्यांची कामं मागे चालवत. ढगवाल्याचं पर्जन्यमापक अंगणात होतं. रोज सकाळी साडेआठला मामा टोपी घालून त्याच्यापाशी जात, वाकून बघत आणि मोबाइल तोंडाजवळ धरून व्हॉइस मेसेज पाठवत: "आज निरंक." सरकारी कागदावर शून्याला निरंक म्हणतात, तो शब्द त्यांना कॉलेजच्या रजिस्टरांपासून आवडत होता. वर्षातले बहुतेक दिवस निरंकच असत. ढगवाला मुलगा तोवर बँकेत लागला होता. मी एकदा मामांना म्हणाले, की त्याला आता या आकड्यांचा काय उपयोग?

"त्याला नसंल," मामा म्हणाले. "ढगाला तरी वाटाय पायजे ना, कुणीतरी बगायलंय."

पाण्यावर काम करणारी मुलगी माझ्या आधी वर्षभर होती. तिने नमुने तपासून मामांना सांगितलं, की तुमच्या बोअरचं पाणी तुमच्या पणजोबांच्याही आधी पडलेल्या पावसाचं असावं, नक्की कधीचं ते मात्र सांगता येत नाही. तेव्हापासून मामा उभ्याने पाणी पीत नसत. मांडी घालून बसायचं, टोपी काढून बाजूला ठेवायची, मग पेला तोंडाला लावायचा. "आपल्यापेक्षा वयानं मोठं हाय ते," म्हणत. मामी कपाळाला हात लावत, पण मी पाहिलंय, कुणी आसपास नसलं की त्याही बसूनच पीत.

आणि मामांची स्वप्नं. दुपारी जेवण झालं की ते लिंबाखाली बाजेवर आडवे होत, आणि त्यांना आमच्या संशोधनाची स्वप्नं पडत. स्वतःची पडतच नसत म्हणे. संध्याकाळच्या चहाला ते एखादा निकाल सांगावा तसं स्वप्न सांगत. "आज ढगात गेलतो. खाली यावं वाटत व्हतं, पण धरायला काय न्हाई. धुळीचा एक कण पायजे व्हता, तो बी न्हाई." किंवा, "आज तुमच्या फुलात गेलतो मॅडम. दार बारीक हाय. आत अंधार, पण गरम हाय, थंडीत गोधडीत शिरल्यासारकं. लई येळ बसलो. भाईर निघावंच वाटंना."

मी हसले होते. मग आठवड्याभराने दुसरंच काहीतरी शोधताना माझ्या वाचनात आलं, की सीताफळाच्या कुळातल्या काही फुलांचा गाभा खरंच आसपासच्या हवेपेक्षा गरम असतो. हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं, मलाच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मीही त्यांची स्वप्नं वहीच्या मागच्या पानावर टिपू लागले. संस्थेत हे कुणाला सांगितलं नाही, फेलोशिप गेली असती.

ते दिवस आठवले की आधी तो वास येतो. उन्हाळा सरता सरता डोंगरउतारावर सीताफळं फुलतात. फूल हिरवट, खाली मान घातलेलं, माहीत नसलं तर दिसायचंही नाही. दिवेलागणीला मात्र त्याला पिकल्या फळाचा, किंचित आंबूस वास सुटतो. सगळी हवा जड होते आणि माणसाला काम सुचेनासं होतं. मी आणि मामा घरामागच्या उतारावर नुसते बसून राहायचो. कपिलधारच्या बाजूचे डोंगर आधी तांबडे, मग निळे, मग नसल्यासारखे व्हायचे. मी त्यांना सांगायची, की हे फूल पहिल्या दिवशी मादी असतं आणि दुसऱ्या दिवशी नर होतं. स्वतःचे पराग तयार होईपर्यंत त्याची घेण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून दुसऱ्या फुलावरून कुणीतरी पराग घेऊन यावं लागतं.

"म्हंजे फूल एक दिवस वाट बगतं," मामा म्हणाले.

"हो."

"अन् तुमी त्याला पिशवीत घालता."

"पिशवीत घातल्याशिवाय कळणार कसं, भुंग्याबिगर फळ धरतं की नाही ते?"

"व्हय, ते बी खरंच," असं म्हणून ते जवळच्या पिशवीची गाठ चाचपून बघू लागले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिल्या वर्षी पिशवीतली सगळी फुलं गळाली. दुसऱ्या वर्षी मी घरामागच्या झाडांवर शंभरेक आणि कपिलधारच्या रस्त्यालगत तेवढ्याच पिशव्या बांधल्या. रस्त्यालगतच्या पिशव्यांत काही नाही. घरामागच्या झाडांवर मात्र मिरीएवढे हिरवे दाणे दिसू लागले. एक, दोन, मग डझनभर. भुंगेरा आत जाऊ शकत नव्हता आणि फळ धरत होतं.

मी पुण्याला आमच्या संस्थेतल्या सरांना फोन केला. सर सहसा खूश होत नसत, त्या दिवशी झाले. सहा महिन्यांनी माझी फेलोशिप संपणार होती. आमच्याच संस्थेत एक कायमची जागा निघाली होती आणि दोन महिन्यांत अर्ज द्यायचा होता. सर म्हणाले, "यावर शोधनिबंध लिहा, तेवढा अर्जासोबत जोडा, मग काळजी नाही." मी पस्तिशीला आलेली. नऊ वर्षांत सात खोल्या बदललेल्या. आई फोनवर विचारायची, आता कुठे? आता कायमची एकाच गावात राहणार, एक कपाट विकत घेणार, असं मी मनात ठरवूनही टाकलं. घरामागेच फळं का आणि रस्त्याला का नाहीत, याचंही उत्तर मी तयार केलं: माती वेगळी असेल, भिंतीचा आडोसा असेल. इतकं सोपं उत्तर डोळ्यांसमोर असताना मी मातीचे नमुने गोळा करत होते, हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

मामांनी त्या दिवसांत स्वप्न सांगणं बंद केलं. चहा घ्यायचे, उठून जायचे. मामी म्हणाल्या, "दुपारी नुस्ते पडून असतेत. डोळा लागंना झालाय त्यांचा."

श्रावण लागला. पिशवीतली फळं लिंबाएवढी झाली, आणि सगळी कशी भरदार, चारही बाजूंनी सारखी गोल. रानातली सीताफळं इतकी नीटस नसतात. मी निबंधाचं शेवटचं पान लिहीत होते. सकाळी मामांनी ओट्यावर चहाचा कप ठेवला आणि शेजारी तो खारीच्या केसांचा ब्रश ठेवला. त्याचं टोक पिवळं पडलं होतं.

"मॅडम, ते आपोआप न्हाई झालं," ते म्हणाले. "मी केलं."

मला एकदम सगळं कळलं, तरी मी विचारलं, "काय केलं?"

"सकाळी सकाळी जायचो. दुसऱ्या फुलाची भुकटी ब्रशावर घ्यायची, पिशवीची गाठ सोडायची, आत जरा फिरवायचं, अन् तुमची गाठ व्हती तशीच बांधायची. तुमीच सांगितलं व्हतं ना, कसं असतं ते. मला बगवंना झालं. एवढी फुलं पिशवीत वाट बगायलीत अन् कुणी येणारच न्हाई, हे आपल्यालाच म्हाईत. पैल्या साली गप बसलो. औंदा न्हाई जमलं." मग म्हणाले, "तीस वर्सं पोरांनी आकडे उतरून काढलेले बगितले मी. अन् शेवटी मीच तसा निगालो."

मी ब्रश उचलला, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मला फार राग आला होता. समोर दाराच्या पाठीवर माझं वाक्य होतं.

खरं सांगते, मी गप्प बसायचा विचार केला. चांगले तीन दिवस केला. झाडं खोटी नव्हती, फळं खोटी नव्हती, छायाचित्रं होती. मामा कुणाला सांगायला जाणार? संस्थेतलं कोण नेकनूरला येणार? तिसऱ्या दिवशी मी बाहेर येऊन त्यांना विचारलं, "मी हे कुणाला सांगितलं नाही तर?"

मामा बाजेवर उठून बसले. "तुमची नोकरी हाय. तुमी म्हणलं तर मी गप बसतो, मरंस्तोवर बोलायचो न्हाई." मग हळूच म्हणाले, "फकस्त दारावरचं वाक्य तेवढं पुसावं लागंल. उत्तर मिळालं म्हणल्यावर कसं ठिवायचं?"

त्यांनी आजवर एकही वाक्य पुसलं नव्हतं. खुंटीवरच्या पिशवीत खडूचे पाच-सात तुकडे होते, पुसायला फडकं नव्हतं.

मी दुपारी सरांना फोन केला. सर म्हणाले, "बरं झालं आधी कळलं." निबंध फाइलीतच राहिला. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मामांशी मी महिनाभर कामापुरतं बोलले. त्यांच्यावर रागवावं असं ते वागले होते आणि रागावताच येऊ नये असे ते दिसत होते, त्यामुळे मी रोज लवकर डोंगरावर निघून जायची.

दिवाळीच्या आसपास पिशवीतली फळं पिकली. मामींनी त्यातलं एक ताटलीत फोडून माझ्यासमोर ठेवलं. माझी दोन वर्षं, माझी नोकरी आणि माझं कपाट त्या ताटलीत होतं. मी खायचं नाही असं ठरवून खाल्लं. इतकं गोड सीताफळ मी त्याआधी आणि त्यानंतर खाल्लेलं नाही. मामा लांबून बघत होते. मी म्हणाले, "चांगलं आहे." ते आत जाऊन टोपी काढून, मांडी घालून पाणी प्यायले.

निघायच्या दिवशी त्यांनी माझं खोकं स्टँडवर आणलं. पोचवायला आलेल्या माणसाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "अजून कळंना झालंय ना?"

"नाही कळलं."

"मग राहू द्या वाक्य." आणि एसटी सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "मॅडम, ब्रश तुमच्याकडंच राहू द्या. माझ्या हाती नको."

आता मी नाशिकला एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. परागीभवनाचा धडा दर वर्षी येतो. मुलं मागच्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलातून आकडे उतरवतात, मी बघते. कपाट घेतलं, गावही आता बदलायचं नाही. संशोधन सोडल्याचं मी मामांना कधी सांगितलं नाही. सांगावं असं वाटायचं, पण त्यांच्याशी बोलताना मी पुन्हा ती धुळीने माखलेली बाई व्हायची, जिला काहीतरी कळत नव्हतं, आणि ते मला आवडायचं.

पहिल्याच जूनमध्ये त्यांचा मेसेज आला. मामींनी जुन्या धोतराच्या पिशव्या शिवून दिल्या होत्या, मामांनी त्या घरामागच्या झाडांवर बांधल्या होत्या. रोज जाऊन, हात मागे बांधून, कापडातून बघायचं. "मॅडम, आज पिशवीत निरंक." दर वर्षी तो मोसम संपेपर्यंत रोज हे एकच वाक्य. सकाळी घाईत असले की मी ते ऐकतही नसे. माझ्या चुकलेल्या प्रयोगाचा राहिलेला अर्धा भाग एक म्हातारा माणूस सात वर्षं प्रामाणिकपणे करत होता आणि मी ते सगळं न ऐकता सोडून देत होते. आता लाज वाटते.

यंदाही मेसेज आले. परवा सकाळी स्टाफरूममध्ये पेपर तपासताना मोबाइल वाजला. रोजच्यापेक्षा लांब मेसेज होता म्हणून कानाला लावला. मामांचा आवाज आता फार बारीक झाला आहे, मधे मधे धाप लागते.

"मॅडम, मी बोलायलो. एका पिशवीत फळ धरलंय. एकच हाय. मिरीएवढं. मी तीनदा बगितलं, मामीला बी दाखीवलं. गाठ तिनंच बांधलेली हाय, तशीच हाय. भुंगा आत न्हाई. मी हात लावला न्हाई." मग बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मला वाटलं संपलं. तेवढ्यात ते पुन्हा म्हणाले, "तुमाला वाटंल, म्हातारा पुन्हा तेच करायलाय. पण ब्रश तर तुमच्याकडंच हाय."

टेबलावरच्या पेनांच्या डब्यात तो होता. टोक अजून थोडं पिवळं होतं. मी पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला आणि शेजारच्या मॅडमना विचारलं, रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा असतो.